२०५० ला मुंबई बुडणार का, वर्सोव्याला फ्लॅट घ्यावा का, आणि देवबागच्या वाडीचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तो निळा नकाशा परत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, २०५० मध्ये कुलाबा, माहीम, वांद्रे, वर्सोवा सगळं पाण्याखाली. तुम्ही वर्सोव्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बघताय, वीस वर्षांचं लोन. आणि आजोळची माडाची वाडी मालवणजवळ देवबागला आहे, मामा म्हणतात समुद्र दर पावसाळ्यात आत येतोय, सरकारकडे दगडाचा बंधारा मागूया. फ्लॅट घ्यावा का आणि बंधारा मागावा का. आणि शेवटी, पक्षी-प्राण्यांचं काय.

मी किनाऱ्यावरच्याच कामात आहे, खारं पाणी अडवणारे खारबंदिस्तीचे बांध, त्यातल्या झडपा म्हणजे उघाड्या, नाल्यांची तोंडं, लेव्हल म्हणजे जमिनीची उंची घेणं आणि पाणी कुठून येतं-जातं ते बघणं. त्यामुळे माझं उत्तर थोडं चिखलातलं असेल आणि लांब असेल.

आधी तो नकाशा. तो २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आला, क्लायमेट सेंट्रल नावाच्या अमेरिकन संस्थेच्या अभ्यासावरून. अभ्यास खोटा नाहीये. त्यांनी काय केलं, तर २००० साली स्पेस शटलमधून रडारने जगाच्या उंचीचा जो नकाशा बनवला होता ना, त्यातली चूक दुरुस्त केली. रडारला जमीन दिसत नाही, घराचं छप्पर आणि झाडाचा शेंडा दिसतो, त्यामुळे दाट वस्तीची शहरं आणि तिवरांची जंगलं आहेत त्यापेक्षा उंच वाटत होती. ती उंची खाली आणल्यावर धोक्यातल्या लोकांचा आकडा आधीच्या जवळजवळ तिप्पट झाला. इथपर्यंत ठीक. पण नकाशा रंगवताना त्यांनी एवढंच विचारलं की ही जमीन अमुक पाण्याच्या पातळीच्या खाली आहे का. मध्ये भिंत आहे का, बांध आहे का, रस्त्याचा भराव आहे का, ते त्यात धरलेलं नाही. आणि खरी गंमत पुढे आहे, त्या निळ्यातला बराच भाग आजसुद्धा मोठ्या भरतीच्या पातळीच्या खालीच आहे. मुंबई सात बेटं होती हे शाळेत शिकतो आणि विसरतो. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी पार आतल्या सखल भागात पसरायचं, ते हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घालून अठराव्या शतकाच्या शेवटी अडवलं, आणि मग जी उथळ दलदल उरली तिच्यावर भराव टाकत टाकत शहर झालं. हिंदमाता, दादर, परळचा सखल भाग पावसात का भरतो याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. म्हणजे तो नकाशा जेवढा २०५० चा आहे तेवढाच १७५० चा पण आहे.

२०२१ मध्ये तर तेव्हाच्या पालिका आयुक्तांनीच जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की नरिमन पॉइंट, कफ परेड, मंत्रालय या भागाचा ८० टक्के भाग २०५० पर्यंत पाण्याखाली जाईल. तेव्हापासून लोक मला "मग विकू का" असं विचारतात. एक सांगतो, "पाण्याखाली जाईल" असं म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर द्वारका येते, कायमची बुडालेली. तसं होणार नाहीये. जे होणार आहे ते जास्त कंटाळवाणं आहे आणि जास्त महाग आहे.

आकडे बघू. अपोलो बंदरला टाइड गेज, म्हणजे समुद्राची पातळी मोजणारं यंत्र आहे, १८७८ पासूनची नोंद, आशियातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. एवढ्या लांब नोंदीतून समुद्राची वाढ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या आसपास निघते, आपल्या पणजोबांना ती कधी जाणवलीसुद्धा नसेल. पण वेग बदललाय. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, त्यात उत्तर हिंद महासागरासाठी १८७४ ते २००४ मध्ये वर्षाला १.०६ ते १.७५ मिमी आणि १९९३ ते २०१७ मध्ये ३.३ मिमी असे आकडे दिलेत. आपल्या भागात याचं मोठं कारण म्हणजे समुद्राचं पाणी तापून फुगतंय, बर्फ वितळून येणारं पाणी त्यावर वेगळं. पुढचं म्हणाल तर आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या, २०२१ च्या अहवालानुसार जगाची सरासरी २०५० पर्यंत, १९९५-२०१४ च्या तुलनेत, साधारण १५ ते २९ सेंमी वर. २१०० पर्यंत मात्र फरक मोठा आहे, उत्सर्जन झपाट्याने कमी केलं तर २८ ते ५५ सेंमी आणि नाहीच केलं तर ६३ सेंमी ते १ मीटर. यातला बारकावा लक्षात घ्या, २०५० पर्यंतची वाढ बरीचशी ठरून गेलीय, तुम्ही आम्ही काही करा अथवा न करा, कारण समुद्रात उष्णता आधीच शिरलीय. म्हणून लोनच्या मुदतीत जे व्हायचंय ते धरून चाला, वीस ते तीस सेंमी.

आता कोणीही म्हणेल, फूटपट्टीएवढी वाढ, त्यात काय एवढं, मुंबईची भरती-ओहोटीच चार मीटरची आहे.

बरोबर. आणि इथेच सगळ्यांची गाडी चुकते, घाबरणाऱ्यांचीही आणि हसण्यावारी नेणाऱ्यांचीही.

पहिल्यांदा भरतीचे आकडे नीट वाचायला शिका. दर पावसाळ्यात बातमी येते, "समुद्रात आज ४.९ मीटर उंचीच्या लाटा उसळणार". लाटा नाहीत हो त्या. तो भरतीच्या पाण्याचा आकडा आहे आणि तो मोजतात चार्ट डेटमपासून, म्हणजे ढोबळपणे सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईला सरासरी समुद्रपातळी या डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.९ ची भरती सरासरीच्या २.४ मीटर वर. लाटा त्याच्यावर वेगळ्या, वाऱ्याने आणि लांबून येणाऱ्या फुगवट्याने. मरीन ड्राइव्हला पाणी उडतं ते या दोघांच्या जोडीने. आणि मुंबईत उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती नेहमी दुपारी बारा-एकच्या आणि रात्री बारा-एकच्या सुमारालाच येते, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. कोळीवाड्यातल्या पोराला हे पाठ असतं, बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये कोणाला माहीत नसतं.

तर मुद्दा. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांमध्ये जातं ते उताराने, गुरुत्वाकर्षणाने. नाल्यांची तोंडं, म्हणजे आऊटफॉल, बहुतेक सगळे मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती आली की तोंड बंद. गेट असेल तर ते बंद करायचं, नसेल तर समुद्राचं पाणी उलटं आत. ओहोटी लागली की परत उघडं. म्हणजे शहराकडे निचऱ्यासाठी दिवसाचे ठरावीक तासच आहेत, आणि समुद्र वाढतो तेव्हा तो आधी ते तास खातो.

हिशेब करून दाखवतो, कागद-पेन्सिलचा आहे. धरा एका दिवशी भरती ४.५ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर, मध्ये पाणी साध्या साइन वळणाने वर-खाली होतंय. एका नाल्याचं तोंड ४.२ मीटरवर आहे. आज ते एका भरतीत साधारण सव्वादोन तास पाण्याखाली राहील. समुद्र ३० सेंमी वर गेला की तेच तोंड साधारण सव्वातीन तास पाण्याखाली. एक तास वाढला, एका भरतीला, आणि दिवसातून भरत्या दोन. दुसरी गोष्ट, आज जो ४.२ ची भरती असलेला साधा दिवस आहे तो ४.५ चा होतो. पालिका पावसाळ्याआधी ४.५ च्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते ना, ती यादी लांबते. पाऊस तोच, नाला तोच, पंप तोच, पण "जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी" हा योग जुळण्याची शक्यता बरीच वाढते.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, आणि त्या दिवशी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती. कुलाब्याला मात्र ७३ मिमी पाऊस, लोक ऑफिसात बसले होते आणि उपनगरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. मिठीचं पाणी माहीमच्या तोंडाशी अडकलं. आता त्या दिवशी समुद्र ३० सेंमी वर असता तर काय, असा विचार करा. जास्त इलाका बुडाला असता हे आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी उतरायला लागलं असतं ते उशिरा. पुरात माणसं आणि सामान पाण्याच्या उंचीने जातं तेवढंच पाणी किती वेळ थांबलं त्याने जातं. तळमजल्यावरचं मीटर बॉक्स दोन तास भिजलं आणि दहा तास भिजलं यात फरक आहे, विशेषतः पाणी खारं असेल तर.

त्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅडची, म्हणजे मुंबईचे पावसाळी नाले सुधारण्याच्या आराखड्याची कामं खऱ्या अर्थाने हलली, तो रिपोर्ट मुळात १९९३ चा होता बरं का. जुने नाले तासाला २५ मिमी पावसासाठी होते, ते ५० मिमीचे करायचे, आणि भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकायला पंपिंग स्टेशनं बांधायची, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. इर्ल्याचं स्टेशन तुमच्या भागासाठी महत्त्वाचं आहे, ते अंधेरी-पार्ल्याच्या पश्चिमेचं पाणी ओढतं. मोगरा नाल्यावरचं स्टेशन मात्र वर्षानुवर्षं रखडत आलंय आणि वर्सोवा-अंधेरी सबवेवाल्यांना ते चांगलंच जाणवतं. हिंदमाताला तर पालिकेने वेगळंच केलं, जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि झेवियर्स मैदानाखाली, भरती उतरेपर्यंत पाणी तिथे कोंडून ठेवायचं. लोकांनी चेष्टा केली, पण मला ती कल्पना आवडते, कारण ती वेळ विकत घेते आणि आपल्याकडे टंचाई वेळेचीच आहे.

कोणीतरी नेहमी विचारतं की लंडनला थेम्सवर गेट आहे, रॉटरडॅमला आहे, व्हेनिसने २०२० पासून मोसे नावाची गेटं वापरायला सुरुवात केली, मग माहीमच्या खाडीच्या तोंडाला आपण का नाही लावत. लावता येईल. पण तिकडे गेट मुख्यतः समुद्राकडून येणाऱ्या वादळी उधाणासाठी लावतात, आपला ताप दोन्हीकडून आहे. गेट बंद केलं की आतला पाऊस आत. ९४४ मिमी नको, २०० मिमी जरी पडला तरी ते पाणी ठेवायचं कुठे? त्यासाठी मोकळी सखल जागा लागते, आणि ती जागा म्हणजे मिठागरं, तिवरं, खाडीकाठचा चिखल. त्यावर आपण बीकेसी उभं केलं, मिठीला एअरपोर्टच्या धावपट्टीखालून वळवलं, आणि २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीतल्या लोकांच्या घरांसाठी सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घेण्याला मंजुरी दिली. गरिबांना घरं नकोत असं माझं म्हणणं नाही. पण धारावीतून उचलून भरतीच्या रेषेवर नेऊन बसवणं म्हणजे एका पुरातून दुसऱ्या पुरात पाठवणं आहे, हे कोणीतरी त्या लोकांना लेव्हलच्या नकाशासकट समजावून सांगायला हवं होतं.

खरं सांगायचं तर शहरातल्या इंजिनियरांना आज जे नवीन वाटतंय ते रायगडच्या खारेपाटातला शेतकरी पिढ्यानपिढ्या करत आलाय. पेण, अलिबाग, उरणकडे खाडीला मातीचे बांध घालून भातशेती केलेली आहे, ती जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे, कायमचीच. मग पावसाचं पाणी बाहेर कसं जातं? बांधात उघाडी असते. झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडते, ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला खाऱ्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. वीज नाही, डिझेल नाही, ऑपरेटर नाही. मुंबईच्या फ्लडगेटचं तत्त्व अगदी हेच. आणि समुद्रपातळी वाढल्याचा पहिला परिणामही इथेच दिसतो, उघाडी पूर्वीइतका वेळ उघडी राहत नाही, ओहोटी पूर्वीइतकी खाली जात नाही किंवा खाडीच गाळाने उथळ झालेली असते, आतलं पाणी जास्त दिवस तुंबतं आणि रोपं कुजतात. पूर्वी गावकी मिळून बांधाची डागडुजी करायची. आता "सरकारचं काम आहे" म्हणून कोणी बघत नाही, खेकड्यांनी पोखरलेल्या बांधाला एका उधाणात खांड पडते आणि शेकडो एकरांत खारं पाणी. एकदा खारं पाणी शिरलं की ती जमीन दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय नीट पिकत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं सहन करणाऱ्या भाताच्या पनवेल-१, २, ३ अशा जाती काढल्यात, त्यांनी थोडा आधार मिळतो, पण भात पाण्यात बुडून किती दिवस राहील याला मर्यादा आहे. गेल्या काही वर्षांत मी बघतोय की खांड पडलेल्या शेतात दोन-तीन वर्षांत तिवरं उगवतात, मग ती जमीन कांदळवन म्हणून नोंदली जाते आणि शेतकऱ्याला बांध दुरुस्त करायलाही परवानग्या लागतात. शेतकऱ्याचा संताप मला समजतो. तिवरांचा दोष नाही, ती समुद्राच्या पाठोपाठ चाललीयत.

तिवरांचं बोलायलाच हवं कारण तुम्ही शेवटी "पक्षी-प्राण्यांचं काय" असंही विचारलंय. तिवर, चिप्पी, कांदळ ही झाडं साधारण मधल्या पातळीपासून मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात जगतात. रोज भिजायला हवं, पण सतत बुडून राहायला नको, मुळांना श्वास घ्यायला ओहोटीचे तास लागतात. बघा, परत तासच. समुद्र हळू वाढला आणि खाडीत गाळ येत राहिला तर जंगल गाळ धरून स्वतःची जमीन उंच करतं, ठाणे खाडीत काही ठिकाणी तर गाळामुळे तिवरं पुढे सरकलीयत. गाळ कमी पडला तर त्यांना जमिनीकडे मागे सरकावं लागतं. मागे काय आहे? रस्ता, सोसायटीची कंपाउंड वॉल, मेट्रोचा कारशेड. पुढून समुद्र आणि मागून भिंत, मध्ये जंगल चिरडतं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी घातली, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाला, २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष झाली, हे सगळं चांगलंच झालं, पण या सगळ्यात आजच्या जंगलाभोवती रेषा काढलीय. उद्याचं जंगल जिथे सरकणार त्या मोकळ्या जागेला फारसं संरक्षण नाही, तिथे आज खुशाल लेआउट पडतात.

फ्लेमिंगोंचंही तेच. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण हे पक्षी खातात ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, आणि भरतीला चिखल बुडला की नेरूळ-सीवूड्सच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. समुद्र वाढला की चिखल उघडा असण्याचा वेळ कमी, जेवणाचा वेळ कमी, आणि थांबायच्या जागेची गरज जास्त. नेमक्या त्याच जागांवर नवी मुंबईत भांडण चालू आहे. अभयारण्याच्या हद्दीत पक्षी चोवीस तास बसत नाही हो, त्याला भरतीचं टाइमटेबल असतं.

आता देवबाग. इथे माझं उत्तर मामांना आवडणार नाही.

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, टोकाला संगम. अशी पट्टी जिवंत असते, वाळू पावसाळ्यात जाते आणि हिवाळ्यात-उन्हाळ्यात शांत लाटा ती परत आणून टाकतात. पावसाळ्यात दहा पावलं आत आलेला समुद्र मे महिन्यापर्यंत नऊ-दहा पावलं परत देत असेल तर तो हिशेब जवळपास बरोबरीचा आहे. प्रश्न आहे तो परत न देणाऱ्या पावलांचा. ते का होतं? समुद्रपातळी वाढणं हे एक कारण नक्की. किनाऱ्याच्या अभ्यासात एक ढोबळ नियम वापरतात, पातळी एक सेंटिमीटर वाढली की वाळूचा किनारा अर्धा ते एक मीटर मागे जातो. खाडीच्या तोंडाशी हा नियम नीट लागू पडत नाही, पण अंदाज येतो. मात्र कोकणात आजवर जी धूप मी पाहिली त्यात समुद्रपातळीपेक्षा जवळची कारणं जास्त दिसतात. खाडीतला वाळू उपसा, नदीवरची धरणं-बंधारे, शेजारच्या बंदराची जेटी किंवा ब्रेकवॉटर, वाळूच्या टेकाडावर बांधलेलं रिसॉर्ट. वाळूची आवक कमी झालेल्या किनाऱ्यावर समुद्रपातळी वाढणं म्हणजे पगार अर्धा झालेल्या घरात भाडं वाढणं.

मामांना दगडी बंधारा हवाय. बंधाऱ्याने मागची जमीन थोडा काळ वाचते, हे खरं. पण लाट भिंतीवर आपटून परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, पुढचा किनारा खचत जातो, काही वर्षांत बंधारा स्वतःच खचतो आणि मग परत टेंडर. त्याहून वाईट म्हणजे बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढच्या घराला दुप्पट मार बसतो. सातपाटीपासून मिऱ्यापर्यंत किती गावांनी पुन्हा पुन्हा बंधारे मागितले ते आठवा, एकदा सुरू झालं की थांबत नाही. आणि कासवांचं वेगळंच. वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमाराला ते संवर्धन सुरू केलं आणि गावाने ते उचलून धरलं. मादीला भरतीरेषेच्या वर कोरडी वाळू लागते. पुढे समुद्र आणि मागे भिंत किंवा दाट लावलेलं सुरूचं बन असेल तर ती कोरडी वाळूच उरत नाही. सुरू लावायचंच असेल तर वाळूच्या टेकाडाच्या मागे लावा, पुढच्या उतारावर आपली मर्यादवेल आणि समुद्रकाठचं गवत राहू द्या, वाळू तेच धरतात आणि फुकट धरतात.

वाडीच्या विहिरीकडे लक्ष ठेवा. चिंचोळ्या पट्टीत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा थर असतो, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या एक मीटर वर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं मिळू शकतं असा जुना हिशेब आहे. उलटं करून बघा, वरचा एक फूट गेला तर खालून चाळीस फूट गेले. समुद्र वाढला तरी तेच होतं आणि शेजारच्या होमस्टेने बोअरवेल मारून उपसा केला तरी तेच, फक्त दुसरं फार लवकर होतं. वसईकडे बावखलं होती, घराजवळची गोड्या पाण्याची तळी, पावसाचं पाणी मुरवून विहिरी गोड ठेवायची. बुजवली गेली तिथे विहिरी मचूळ झाल्याच्या तक्रारी आहेत. तुमच्या वाडीत जागा असेल तर बंधाऱ्यासाठी अर्ज करण्याआधी एक खड्डा खणून पाणी मुरवा. आणि नवीन पक्कं बांधकाम करायचंच असेल तर वाडीच्या खाडीकडच्या किंवा समुद्राकडच्या कडेला नको, जितकं मधे आणि जितकं उंच जोत्यावर तितकं बरं, शक्यतो उचलून नेता येईल असं लाकडी. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांत दाट लोकवस्तीच्या गावांसाठी बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटर केलाय, त्यामुळे परवानगी कदाचित मिळेलही. परवानगी मिळते म्हणून वाळू थांबते असं नाही. त्याच नियमांत धोकारेषा म्हणून एक रेषा आखायला सांगितलीय, पण ती आपत्ती नियोजनासाठी, बांधकाम अडवायला नाही. अजब आहे, पण आहे. तुम्ही स्वतःपुरती ती रेषा मानायला मनाई नाही.

चक्रीवादळांबद्दल पटकन. १८८२ मध्ये मुंबईत वादळाने लाखभर माणसं मेली अशी पोस्ट फिरते, तसं काही झालेलं नाही, ती दंतकथा आहे. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र मुंबईला खरंच मोठं वादळ बसलं होतं. २०२० चं निसर्ग अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यात आलं, २०२१ चं तौक्ते बाहेरून गेलं तरी कुलाब्याला १०० किमीच्या वर वारा होता. अरबी समुद्र तापतोय, तीव्र वादळं वाढतायत. वादळाचं पाणी उधाणाच्या दुपारी आलं तर एक चित्र आणि भांगाच्या ओहोटीला आलं तर दुसरं, दोन-तीन मीटरचा फरक, आणि तो निव्वळ नशिबाचा.

आता फ्लॅट. तिसरा मजला बुडणार नाही, तुमच्या नातवंडांच्या काळातही नाही. पण तुम्ही फक्त तिसरा मजला विकत घेत नाही, लिफ्टचा खड्डा, पाण्याची खालची टाकी, मीटर रूम, सबस्टेशन, बेसमेंट पार्किंग आणि घराकडे येणारा रस्ता यांचा हिस्सा पण घेता. म्हणून सोसायटीला किंवा बिल्डरला विचारा की प्लॉटची आणि रस्त्याची लेव्हल टाउन हॉल डेटममध्ये, म्हणजे पालिका ज्या आधारपातळीपासून उंची मोजते तिच्यापासून, किती आहे. मुंबई पालिका याच डेटमवर चालते, मंजूर नकाशावर आकडा असतो. बिल्डर नाही म्हणाला तर आर्किटेक्टला विचारा, त्याला माहीत असतोच. मीटर रूम आणि सबस्टेशन तळमजल्यावर आहेत की पोडियमवर उचललेत. खालच्या टाकीचं तोंड जमिनीपासून किती वर आहे, पुराचं गटारमिश्रित पाणी टाकीत गेलं की बिल्डिंग आठवडाभर टँकरवर. सोसायटीचं पावसाचं पाणी कोणत्या नाल्यात जातं आणि तो नाला खाडीत कुठे उतरतो, त्या तोंडाला गेट किंवा पंप आहे का. बेसमेंट असेल तर एप्रिल-मेमध्ये, उधाणाच्या दिवशी दुपारी दोनला जाऊन बघा. पाऊस नसताना भिंतीतून किंवा सम्पमध्ये पाणी येत असेल तर ते खाडीचं आहे, आणि ते खारं पाणी आरसीसीतली सळई गंजवणार, त्याचा खर्च पंधरा-वीस वर्षांनी तुमच्याच मेंटेनन्समधून जाणार. बाहेरून प्लास्टर मारून, रंग लावून हे लपवता येतं, म्हणून कॉलमच्या पायथ्याशी फुगवटे आणि तांबूस डाग बघा.

आणि वर्सोवा कोळीवाड्यात जाऊन एखाद्या म्हाताऱ्या मावशीला विचारा की गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्या गल्लीत पाऊस नसताना पाणी येतं का. येत असेल तर कोणत्या महिन्यात. मी कुठल्याही कामाला लेव्हल मशीन लावायच्या आधी हे करतो. वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर अपुरं आहे, बोटी फुटतील, असं किती वर्षं ओरडून सांगितलं, शेवटी ते १२० मीटर करावं लागलंच.

माझं मत विचाराल तर: लेव्हल चांगली असेल, मीटर-सबस्टेशन वर असेल, बेसमेंट नसेल किंवा कोरडं असेल तर वीस वर्षांच्या लोनसाठी घर घ्यायला हरकत नाही. वरच्यातल्या दोन गोष्टी जरी वाकड्या निघाल्या तर भाव पाडून मागा किंवा पूर्वेकडे, टेकाडाच्या बाजूला बघा, समुद्र दिसणार नाही पण झोप लागेल. तळमजला, दुकान किंवा रो-हाऊस असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं.

देवबागचं आधी मोजा, मग अर्ज करा. वाडीच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर एक पक्की खूण ठरवा आणि तिथून भरतीरेषेपर्यंतचं अंतर वर्षातून दोनदा घ्या, मे अखेरीला आणि सप्टेंबर अखेरीला, दोन्ही वेळा पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाला. फोटो तारखेसकट ठेवा. तीन-चार वर्षांचे मे महिन्याचे आकडे एकाच दिशेने सरकत असतील तर वाडी खरंच चाललीय, मग तिथे नवीन पैसा घालू नका. आकडे मागे-पुढे होत असतील तर किनारा श्वास घेतोय, मामांना सांगा बंधाऱ्याची घाई नको. फ्लॅटची टाउन हॉल डेटमची लेव्हल आणि नाल्याचं नाव मिळालं की पाठवा, तुमच्या नाल्याचं तोंड किती तास बंद राहणार तो हिशेब मी वरच्यासारखा करून देतो.